खासगी शाळा, घरचा पैसा आणि मुलांचं शिक्षण: पालकांचे नेहमीचे प्रश्न

नवीन वर्ष उजाडलं की आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक टेबल मांडलं जातं. अनुदानित मराठी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आता त्या टेबलामागे बसून आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत जागा मिळण्याचे, अर्ज भरून देते. समोर धुणीभांडी करणाऱ्या ताया येतात, रिक्षावाले येतात, एमआयडीसीत कंत्राटावर असलेले बाप सुट्टी टाकून येतात. कधी मोठ्या सोसायटीतले, पूर्ण फी भरणारे पालकही येतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. जे प्रश्न परत परत कानावर आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. नियमांबद्दलची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. तारखा आणि कागदपत्रांचे बारकावे दर वर्षी थोडे हलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी शिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची सूचना वाचाच.

बाई, मूल हुशार असलं की कुठेही शिकतं ना? मग पैशाचा एवढा बाऊ कशाला?

उमेदीच्या काळात मीही असंच म्हणायचे. आता म्हणत नाही.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये शिक्षणखर्चाची पाहणी केली. सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलामागे घरचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये निघाला, इतर शाळांतल्या मुलामागे २५,००२ रुपये. जवळजवळ नऊपट. ही देशाची सरासरी झाली. पुण्यामुंबईतल्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांची फी काही लाखांत जाते, ती या सरासरीत दिसतसुद्धा नाही.

आणि फी हा तर नुसता वरचा भाग. माझ्या वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुली मला आठवतात. एकीची आई संध्याकाळी जवळ बसून तिचं वाचन घ्यायची. दुसरीची आई चार घरची कामं उरकून रात्री आठला यायची. तोवर ही पोरगी धाकट्या भावाला सांभाळायची, पाणी भरायची, भात लावायची. दोघींना मी तोच धडा तितक्याच मनाने शिकवत होते. घटक चाचणीत दोघींत मोठं अंतर पडायचं. त्या अंतरातलं बुद्धीचं किती, माझ्या शिकवण्याचं किती आणि त्या मोकळ्या संध्याकाळचं किती, हे मला आजही सांगता येत नाही. गरीब घरातली मुलं पुढे जातात, मी जाताना पाहिली आहेत. पण त्यांना जेवढं झिजावं लागतं, तेवढं पैसेवाल्या घरातल्या साधारण बुद्धीच्या मुलाला कधीच झिजावं लागत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

शाळा नक्की किती प्रकारच्या असतात? सीबीएसई म्हणजे खासगी का?

नाही. बोर्ड वेगळं आणि शाळेचा प्रकार वेगळा. इथे हमखास गल्लत होते. शाळेचा खर्च कोण उचलतं, यावरून प्रकार ठरतो. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकांच्या शाळा सरकारी पैशावर चालतात. अनुदानित शाळा एखाद्या संस्थेची असते, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित शाळा फीवर चालते. २०१२ च्या कायद्याने ‘स्वयंअर्थसहाय्यित’ शाळा आल्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पैशावर उभ्या राहिलेल्या. महापालिकेची शाळाही सीबीएसईची असू शकते. मुंबई महापालिकेने तशा शाळा काढल्या आणि तिथे अर्ज इतके आले की प्रवेश सोडतीने द्यावे लागले.

२५ टक्क्यांचा नियम विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांना लागू होतो.

हे २५ टक्के म्हणजे काय? शाळा दया दाखवते का?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळेला सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात आणि आठवीपर्यंत मोफत शिकवावं लागतं. शाळा नर्सरीपासून प्रवेश देत असेल तर हा नियम नर्सरीपासून. शाळाचालक याविरुद्ध न्यायालयात गेले होते. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हे कलम कायम ठेवलं.

तेव्हा एखाद्या शाळेने ‘आम्ही गरिबांसाठी एवढं करतो’ असं ऐकवलं, तर ऐकून घ्या, पण हात जोडत बसू नका. तुमचं मूल हक्काच्या जागेवर बसलेलं आहे.

आम्ही यात बसतो का?

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग मुलं, एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित मुलं आणि अनाथ मुलं वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

१ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात घर चालवणारा साधा हेल्परसुद्धा यापेक्षा जास्त कमावतो. ही मर्यादा वर्षानुवर्षं तिथेच आहे. परिणाम असा की सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन कागदावर ‘दुर्बल’ ठरत नाही. मग काही जण खोटा दाखला काढतात, आणि जो खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर राहतो. ज्या नियमाने प्रामाणिक माणसाचं नुकसान होतं तो नियम बदलला पाहिजे, आणि ही मर्यादा वाढवण्याची मागणी प्रत्येक आमदाराच्या कानावर गेली पाहिजे.

कागदपत्रं कोणती? आमचा अर्ज नेमका कागदावरच का अडतो?

मुलाचा जन्मदाखला, राहत्या जागेचा पुरावा, आणि गटाप्रमाणे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र. वाचायला एवढंच. त्यात पाय अडकतो तो राहत्या जागेच्या पुराव्यात.

भाड्याने राहत असाल आणि त्या पत्त्यावरचा दुसरा पुरावा नसेल, तर भाडेकरार लागतो आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेला, नोटरी केलेला चालत नाही. आता विचार करा, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा करार कोण नोंदवतं? घरमालकाला कर नको असतो, नोंद नको असते. ‘करार मागाल तर खोली सोडा’ असं ऐकून रडत आलेल्या बायका माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. ज्यांच्यासाठी हा कायदा केला, त्यांतलेच बरेच जण या एका कागदापायी बाहेर राहतात. खोटा पत्ता कुणी देऊ नये म्हणून ही अट आली, हे मला समजतं. तरी अंगणवाडीत मुलाचं नाव आहे, वस्तीतल्या आशाताई त्या घराला ओळखतात, एवढ्यावर खात्री करून घेणं सरकारला जमायला हरकत नाही.

तोवर उपाय एकच. अर्जाच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच घरमालकाशी बोला. नोंदणीचा खर्च आपण करतो म्हणा. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक आता तालुक्याच्या ठिकाणीही आहेत. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवा, कारण जानेवारीत सेतू केंद्रात रांग असते.

दुसरी ठेच नकाशाची. अर्जात घराची जागा नकाशावर फुगा ठेवून दाखवावी लागते. त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. फुगा चुकून पलीकडच्या गल्लीत पडला तर शाळाच यादीतून जाते, किंवा नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होतो. मोबाइलवर घाईघाईत फुगा ठेवू नका. घराच्या दारात उभं राहून ठेवा.

ओळख असली तर नंबर लागतो का? एक जण पंधरा हजारांत काम करून देतो म्हणाला.

नाही लागत. सोडत राज्यभरासाठी एकदाच, ऑनलाइन, पुण्यातून काढली जाते. ती शाळेच्या हातात नसते, नगरसेवकाच्याही नसते. तो ‘एक जण’ दहा पालकांकडून पैसे घेतो, त्यातल्या दोघांचा नंबर आपसूक लागतो आणि ते काम आपण केलं असं तो सांगत सुटतो. उरलेल्या आठांचे पैसे परत मिळालेले मी पाहिलेले नाहीत.

२०२५-२६ साठी राज्यात १ लाखाच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांच्या वर. तिघांतल्या दोघांना नाही म्हणणारी ही व्यवस्था आहे, हे समजूनच अर्ज भरा. दहा शाळा निवडता येतात, त्या सगळ्या भरा. एकाच नावाजलेल्या शाळेवर अडून बसू नका.

२०२४ मध्ये नियम बदलला होता म्हणतात. तो अजून आहे का?

नाही, आणि हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते पुन्हा येऊ शकतं.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा देण्यातून सूट. शहरात अशी खासगी शाळा शोधून सापडणार नाही जिच्या १ किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही. म्हणजे एका कागदाने शहरातले बहुतेक सगळे दरवाजे बंद झाले. पोर्टल उघडलं तर पालकांना यादीत त्याच शाळा दिसू लागल्या, जिथे त्यांचं मूल कायद्याशिवायही मोफत शिकलं असतं. त्या वर्षी आमच्या टेबलावर शुकशुकाट होता. लोक येऊन यादी बघायचे आणि अर्ज न भरता परत जायचे.

पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अर्ज पुन्हा मागवावे लागले आणि या वेळी ते लाखांनी आले. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या विरोधात असल्याचं सांगून रद्द केला. काही शाळाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ऑगस्टमध्ये हस्तक्षेपाला नकार मिळाला.

हक्क परत मिळाला, पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. त्या वर्षीच्या मुलांचे प्रवेश जुलैच्या अखेरीस सुरू झाले. फी भरलेल्या मुलांची दोस्ती जमली होती, बाकं ठरली होती, अर्धी वही भरली होती, आणि मग ही मुलं वर्गात शिरली. पहिलीतल्या मुलाला मागे पडल्याची जाणीव पहिल्याच दिवशी होते. त्या सहा-सात आठवड्यांची भरपाई कुठल्याच निकालपत्रात नव्हती.

जवळची सगळ्यात चांगली शाळा म्हणते, आम्ही अल्पसंख्याक संस्था आहोत.

अल्पसंख्याक दर्जा खरोखर असेल तर ती शाळा सध्या २५ टक्क्यांच्या नियमातून मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने तसं ठरवलं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटलं आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. शाळेकडे दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, हे शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारता येतं.

नंबर लागला! आता खर्च शून्य ना?

फी शून्य. खर्च शून्य नाही.

कायदा म्हणतो की ज्यामुळे मुलाचं शिक्षण पूर्ण होण्यात अडथळा येईल अशी कोणतीही फी किंवा आकार घेता येणार नाही. व्यवहारात गणवेश, बूट, शाळेने ठरवलेल्या दुकानातली पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा ड्रेस, सहल, प्रोजेक्टचं सामान, बस यांचा खर्च पालकांच्या अंगावर येतो. माझ्या ओळखीतल्या एका आईने सोन्याची फुलं गहाण ठेवून पहिल्या वर्षाची पुस्तकं घेतली. शाळेने पावती न देता पैसे मागितले तर देऊ नका. पावती दिली तर ती जपून ठेवा, तक्रारीला तीच लागते.

मग येते नववी. हा कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. आठवीचा निकाल हातात पडतो आणि पुढच्या महिन्यात पूर्ण फी भरायची चिठ्ठी येते. आठ-दहा वर्षं एका शाळेत वाढलेलं मूल, मित्र तिथले, शिक्षक तिथले, आणि बापाला सांगावं लागतं की आपल्याला आता परवडत नाही. या मुलांना दहावीपर्यंत तरी नेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तोवर पहिलीपासूनच नववीसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाका. आवर्ती ठेव दोनशे रुपयांची असली तरी चालेल. आणि सातवीतच जवळच्या अनुदानित हायस्कूलला एक चक्कर मारून या, म्हणजे पोराला ते शाळा सुटल्यासारखं वाटणार नाही.

माझ्या मुलाला वर्गात वेगळं बसवतात. कुणाला सांगू?

वेगळी तुकडी, वेगळी वेळ, वेगळं बाक, ‘आरटीईवाले हात वर करा’ असा पुकारा, यातलं काहीही कायद्यात बसत नाही. १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुढे कुणी विचारत नाही. मग गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). त्यानेही काही झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. एकट्याने जाऊ नका. त्याच शाळेतले आरटीईचे दोन-तीन पालक सोबत घ्या.

आम्ही पूर्ण फी भरतो. गरीब मुलं वर्गात आली की आमच्या मुलांचा अभ्यास बिघडेल, अशी भीती वाटते. चूक आहे का?

भीती वाटणं चूक नाही, पण ती तपासून बघा. हे कुणीतरी मोजलेलं आहे. दिल्लीत सवलतीत जमीन मिळालेल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती श्रीमंत मुलं दुसऱ्याला जास्त देऊ करत होती, समाजकामात जास्त भाग घेत होती. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता, तर वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला डावलून आपल्यातलाच हळू धावणारा निवडणं या मुलांत कमी दिसलं. इंग्रजीच्या गुणांवर किंचित परिणाम दिसला, गणित-हिंदीवर नाही.

मी तुमच्याच मुलाच्या बाजूने बोलते आहे. ज्याच्या वर्गात ड्रायव्हरचा मुलगा कधी बसलाच नाही, तो मोठा होऊन साहेब होईल आणि ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचे त्यांना ओळखतच नसेल.

पण त्या मुलांचा खर्च आमच्या फीतून काढतात ना?

कायद्याप्रमाणे नाही. सरकारचा स्वतःच्या शाळेतला दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी रक्कम सरकारने शाळेला परत द्यायची असते. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये ठरली होती, करोनाच्या काळात ती ८,००० वर आणली. अडचण अशी की सरकार ती वेळेवर देत नाही. शेकडो कोटींची थकबाकी साचते, आणि पूर्वप्राथमिक वर्गांचे पैसे तर मिळतच नाहीत. मोठ्या शाळेला हे सोसतं. गावातल्या किंवा वस्तीतल्या लहान इंग्रजी शाळेला सोसत नाही, तिथे शिक्षकांचे पगार अडतात. या बाबतीत शाळाचालकांची तक्रार खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. पण थकबाकी सरकारची आहे, तिचा राग सहा वर्षांच्या मुलावर काढायचा नाही.

दर वर्षी फी वाढते. कुणी विचारणारं आहे का?

महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, आणि फी त्या समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते. मंजूर झालेली फी दोन वर्षांसाठी असते. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात कित्येक शाळांत समितीत कोण आहे हेच पालकांना ठाऊक नसतं. नंतरच्या दुरुस्तीने विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार न्यायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात अशी अट घातली. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे पालकांच्या सह्या! मुलाला त्रास होईल या धास्तीने दहा जणसुद्धा सही करत नाहीत. जूनमध्ये चिठ्ठ्या टाकायची सूचना लागते, तेव्हा नाव द्या. लढाई तिथे सोपी आहे.

प्रवेशासाठी देणगी आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत, दोन्हींना १३ व्या कलमाने बंदी आहे. देणगी घेतली तर तिच्या दहापट दंड होऊ शकतो. मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत.

खासगी शाळेत खरंच जास्त चांगलं शिकवतात का?

गुण बघितले तर खासगीतली मुलं पुढे दिसतात. पण त्या घरी पैसा असतो, शिकलेले आईबाप असतात, शिकवणी असते. शाळेचा वाटा वेगळा कसा काढायचा? आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ते केलं. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेत जाण्याचा खर्च दिला. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात या मुलांची आणि सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांची कामगिरी सारखीच होती. हिंदीत खासगीतली मुलं पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. खासगी शाळांनी हे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात केलं, हेही त्याच अभ्यासात आहे. त्या बचतीचा मोठा भाग शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारातून येतो.

सरकारी शाळा छान चालल्या आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतात, सरकारी आणि खासगी शाळा मिळून, पाचवीतल्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता आला होता. माझ्या स्वतःच्या वर्गातही अशी मुलं होती. शाळा निवडताना इमारत, बस, टाय बघू नका. तिसरीतल्या एखाद्या मुलाला जवळ बोलवा आणि न शिकवलेला परिच्छेद वाचून दाखव म्हणा.

इंग्रजी माध्यमच घालावं ना?

मी मराठी शाळेची बाई, माझं मत तुम्हाला माहीत आहे. तरी ज्या आईने इंग्रजी न आल्यामुळे दुकानात, बँकेत, दवाखान्यात अपमान सोसला, तिला भाषेचं प्रेम शिकवायला मी जात नाही. एवढंच सांगते. ज्या शाळेत शिक्षिकेलाच इंग्रजी धड येत नाही, तिथे मूल इंग्रजीही शिकत नाही आणि गणितही. फळ्यावरचं उतरवून घेतं, अर्थ कळत नाही. अशा स्वस्त इंग्रजी शाळेपेक्षा चांगली मराठी शाळा आणि रोज अर्धा तास इंग्रजी बोलणं, हे मी माझ्या नातवासाठी निवडलं आहे.

सरकारी शाळांचं काय? त्या तर बंदच करताहेत.

या प्रश्नावर माझा जीव जास्त गुंतलेला आहे.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी मांडलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९६६ मध्ये देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, सगळ्या मुलांसाठी समान परिसर शाळा असावी असं सुचवलं. कलेक्टरचं मूल आणि शिपायाचं मूल एकाच शाळेत. ती शिफारस कधी अमलात आलीच नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुलं सरकारी शाळेतून निघून गेली, आणि मग गळक्या छपराबद्दल ओरडणारं कुणी उरलं नाही. २५ टक्के हा त्या मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे. तो सोडू नका, पण एवढ्यावर समाधानही मानू नका.

आज राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत. २०२३ पासून त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सुरू झाला. डोंगरातल्या वाडीवरची शाळा तीन मैलांवर नेली की पहिली गळते ती मुलगी. गाडी देऊ म्हणतात, पण पावसाळ्यात ओढा गाडी अडवतो.

आणि सरकारी शाळा जिवंत होऊ शकते, हेही दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी गाव शाळेच्या मागे उभं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, कायद्यानेच. त्या बैठकीला जा.

शिकवणी लावावीच लागते का?

२०२५ च्या त्याच शिक्षणखर्चाच्या पाहणीत देशातली २७ टक्के मुलं शिकवणीला जात होती. शहरात थोडी जास्त. म्हणजे फी सारखी केली तरी दुसऱ्या दाराने पैसा आत येतो. लहान वर्गात शिकवणी लावू नका. वस्तीत अभ्यासिका असेल तर तिथे बसवा, नसेल तर समाजमंदिराची किल्ली मागा. संध्याकाळचे दोन तास, दिवा, पंखा आणि जवळ एक मोठं माणूस, एवढ्याने माझ्या डोळ्यांदेखत मुलं सावरली आहेत.

नंबर लागला नाही. आता?

आधी प्रतीक्षा यादी. पहिल्या फेरीत ज्यांचा नंबर लागतो त्यांतले बरेच जण कागदांअभावी किंवा शाळा लांब पडते म्हणून प्रवेश घेत नाहीत, आणि त्या जागा पुढच्या फेऱ्यांत येतात. दरम्यान जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत नाव घाला, मूल घरी बसवू नका.

पुढची दारंही लक्षात ठेवा. चौथी आणि सातवीला राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा असते, आधी ती पाचवी आणि आठवीला होती. पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा देता येते. तिथे निवासी शिक्षण जवळजवळ मोफत आहे आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, तेव्हा ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्यासाठी हे दार उघडं आहे.

प्रतीक्षा यादीचा मेसेज अर्जात दिलेल्या मोबाइल नंबरवर येतो. प्रवेश संपेपर्यंत तो नंबर बदलू नका, रिचार्ज संपू देऊ नका. आणि नुसत्या मेसेजवर विसंबू नका. मेसेज न आल्यामुळे मुदत टळलेले पालक दर वर्षी माझ्यासमोर उभे असतात. अर्ज क्रमांक कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि दर दोन दिवसांनी पोर्टलवर टाकून बघा.